‘मस्तगड’ या शब्दाची लांबी : संगणकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमाचे एक परीक्षण

१

कोणत्याही विद्याशाखेचा अभ्यासक्रम दोन प्रकारांनी तपासता येतो. त्यात कोणकोणत्या विषयांना स्थान मिळाले आहे हे पाहणे हा एक प्रकार, आणि त्यातील अगदी प्राथमिक उदाहरणे कोणत्या गृहीतांवर उभी आहेत हे पाहणे हा दुसरा. अभ्यासमंडळे बहुधा पहिल्या प्रकाराचा अवलंब करतात. विषयांची यादी अद्ययावत झाली की अभ्यासक्रम अद्ययावत झाला असे मानण्याची प्रथा आहे. तथापि विद्यार्थ्याच्या मनावर कायमचा ठसा उमटतो तो विषयांच्या यादीचा नव्हे. पहिल्या काही महिन्यांत त्याच्या हाताखालून गेलेल्या उदाहरणांचा तो असतो. संगणकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमाचे येथे करावयाचे परीक्षण या दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते एका लहानशा प्रकरणापुरते मर्यादित आहे.

प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘स्ट्रिंग’, म्हणजे चिन्हांची मालिका, हे प्रकरण शिकावे लागते. त्यावरील स्वाध्याय सर्वत्र जवळजवळ सारखे असतात. दिलेल्या शब्दाची लांबी मोजावयाची. शब्द उलटा करावयाचा. उलट आणि सुलट वाचता सारखाच राहणारा शब्द ओळखावयाचा. नावांची यादी अकारविल्हे लावावयाची. प्रचलित पाठ्यपुस्तकांत या स्वाध्यायांसाठी दिलेले शब्द बहुधा इंग्रजी, आणि इंग्रजी नसले तरी रोमन लिपीतील असतात. याकडे कोणी दोष म्हणून पाहत नाही. उदाहरणाला कोणता तरी शब्द घ्यावयाचाच, मग तो कोणताही का असेना, अशी समजूत असते. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी एक मराठी शब्द घेणे पुरेसे आहे.

जालना शहरातील मस्तगड हा भाग तेथील जुन्या गढीमुळे ओळखला जातो. या भागातून महाविद्यालयात जाणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. दहावीपर्यंत त्याचे शिक्षण मराठीतून झालेले असते, अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेत त्याला इंग्रजी पुस्तकांशी झगडावे लागते, आणि पुढे संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात तीच पुस्तके अधिक जाड होतात. तो ज्या विद्यापीठाची परीक्षा देतो ते १९५८ साली मराठवाड्यासाठी स्थापन झाले व आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. घराजवळ उच्च शिक्षण मिळावे या हेतूने निघालेल्या विद्यापीठात शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने आपल्या वस्तीचे नाव देवनागरीत लिहून त्याची लांबी मोजावयाची ठरविली, तर काय होईल?

२

या प्रश्नाला एक उत्तर नाही. निदान सहा उत्तरे आहेत, आणि आपापल्या जागी ती सर्व बरोबर आहेत.

दुसरीतील मूल म, स्त, ग, ड अशी चार अक्षरे मोजील. व्याकरण शिकलेला सातवीतील मुलगा वर्ण सुटे करील: म्, अ, स्, त्, अ, ग्, अ, ड्, अ. त्याचे उत्तर नऊ. उच्चाराचा अभ्यासक म्हणेल की शेवटचा अकार मराठीत उच्चारला जात नाही, सबब ध्वनी आठच. संगणकाकडे वळले तर पायथन या भाषेच्या आजच्या आवृत्तीत उत्तर सहा येते. कारण युनिकोडच्या तक्त्यात म, स, त, ग, ड यांचे पाच संकेत, आणि स चा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा सहावा. कागदावर वाचकाला हा पायमोडका दिसत नाही, स आणि त एकमेकांत मिसळलेले दिसतात. परंतु यंत्राच्या लेखी तो एक स्वतंत्र घटक आहे. सी या भाषेतील लांबी मोजणारे नेहमीचे फंक्शन वापरले तर उत्तर अठरा येते. कारण यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट जागा घेतो आणि ते फंक्शन बाइट मोजते.

सहावे उत्तर पाचाचे आहे, आणि त्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. वाचकाला एक वाटणारे अक्षर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे ठरविण्याचे सर्वसाधारण नियम युनिकोडने दिले आहेत. त्या नियमांनुसार दीर्घकाळपर्यंत ‘स्त’ चे दोन तुकडे पडत असत, पाय मोडलेला स निराळा आणि त निराळा. देवनागरी जोडाक्षर अखंड मानावे असा नियम मूळ प्रमाणात समाविष्ट झाला तो २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत. देवनागरीचा तक्ता युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि तोही भारतात १९८८ साली तयार झालेल्या इस्की या संकेतपद्धतीच्या आधारे घेतलेला आहे. म्हणजे दुसरीतील मुलाचे उत्तर जागतिक प्रमाणापर्यंत पोहोचण्यास बत्तीस वर्षे लागली. ‘अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न प्राथमिक नसून संशोधनाचा आहे, याला याहून वेगळा पुरावा नको.

आता हीच गोष्ट रोमन लिपीतील एखाद्या साध्या इंग्रजी शब्दाच्या बाबतीत पाहावी. तेथे वाचकाची अक्षरे, तक्त्यातील संकेत आणि साठवणुकीतील बाइट या तिन्हींची संख्या एकच येते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतपद्धतीत एकंदर १२८ जागा होत्या व इंग्रजीपुरत्या त्या पुरेशा होत्या. त्यामुळे एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण रूढ झाले. हे समीकरण म्हणजे शास्त्राचा नियम नव्हे, एका लिपीच्या बाबतीत घडून आलेला योगायोग आहे. पदवी-अभ्यासक्रमावरील मुख्य आक्षेप हाच की, तो या योगायोगाला नियम म्हणून शिकवितो, आणि ज्या विद्यार्थ्याजवळ त्याचा फोलपणा दाखविणारे उदाहरण घरीच आहे त्याला ते बाहेर काढण्याची संधी देत नाही.

३

याचा परिणाम पुढील स्वाध्यायांत अधिक स्पष्ट होतो. शब्द उलटा करण्याची पुस्तकातील रीत अशी की, शेवटच्या चिन्हापासून पहिल्यापर्यंत एकेक चिन्ह उचलून मांडावयाचे. या रीतीने ‘मस्तगड’ चे ‘डगत्सम’ होते. शाळेच्या पटांगणात उलटे बोलण्याचा खेळ खेळणारी मुले मात्र ‘डगस्तम’ म्हणतील. यंत्राने जोडाक्षर फोडून त्याचे घटक उलटविले, मुलांनी ते अखंड ठेविले. ‘नवजीवन’ हा शब्द उलटसुलट सारखाच आहे हे पाचवीतील मुलगी क्षणात सांगेल. पुस्तकातील रीतीचा प्रोग्राम तो ‘नवीजवन’ असा उलटवून ‘सारखा नाही’ असा निर्णय देईल, कारण ज ला जोडलेली वेलांटी सुटून शेजारच्या व ला जाऊन चिकटते.

येथे विद्यार्थ्याची जी हानी होते तिचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. मराठी माध्यमातील विद्यार्थी इंग्रजीत कमी पडतो, म्हणून संगणकशास्त्रात मागे राहतो, हे नेहमी सांगितले जाणारे कारण खरे असले तरी वरवरचे आहे. प्रस्तुत उदाहरणात विद्यार्थ्याजवळ काही कमी नाही, उलट अधिक आहे. अक्षर आणि वर्ण यांतील भेद त्याला शाळेतच शिकविलेला आहे. क म्हणजे क् अधिक अ हे त्याने वहीत कित्येकदा लिहिले आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले व मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले. या परंपरेचा जो अंश शालेय पुस्तकांत झिरपला आहे, तो दिसणारे चिन्ह आणि त्यामागील घटक यांत फरक करावयास शिकवितो. संगणकशास्त्राचा गाभाही तोच आहे: वस्तू निराळी आणि तिचे यंत्रातील प्रतिरूप निराळे. विद्यार्थ्याजवळ जे आधीच होते त्यावर इमारत उभी करावयाची सोडून अभ्यासक्रम त्याला ते विसरावयास लावतो. न शिकविणे आणि शिकलेले पुसून टाकणे यांत अंतर आहे, आणि येथे दुसरा प्रकार घडत आहे.

वर्गातील बोलण्याकडे कान दिला तर हेच निराळ्या बाजूने दिसते. विद्यार्थी आपसांत संगणकाविषयी बोलतात ते मराठीतच; क्रियापदे, विभक्तिप्रत्यय व वाक्यरचना मराठी, नामे मात्र इंग्रजी. ती फाईल, तो कीबोर्ड, ते सॉफ्टवेअर अशी लिंगे कोणी न शिकविता ठरून गेली आहेत. भाषा आपले काम चोख करीत आहे. परंतु तिचे हे काम वर्गाच्या दाराशी थांबते, आणि उत्तरपत्रिकेत पाठ केलेली इंग्रजी व्याख्या तेवढी उतरते.

४

हा प्रश्न वर्गापुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु जमिनीचे सातबारा उतारे, मतदारयाद्या व शाळांचे दाखले आता संगणकावर आले आहेत, आणि त्यांतील नावे देवनागरीत आहेत. ही व्यवस्था सांभाळणारे प्रोग्राम लिहिण्याचे काम याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या पदवीधरांकडे जाते.

मराठीतील अर्धा र हे याचे चांगले उदाहरण आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हा भेद केवळ र च्या लेखनावर अवलंबून आहे. हा दुसरा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो: एक, ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत घेऊन त्याचा पाय मोडणे, दुसरी, नेहमीचा र घेऊन पायमोडक्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालणे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन्ही रीतींनी लिहिले तर पडद्यावर सारखेच दिसते. परंतु यंत्राला ती दोन निराळी नावे वाटतात. एका कारकुनाने एका रीतीने नोंद केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोध घेतला, तर समोर असलेला माणूस नोंदीत सापडत नाही. ‘एक अक्षर, एक बाइट’ शिकून आलेल्या पदवीधराला या दोषाचे कारण तर उमगत नाहीच, पण येथे शोधण्यासारखे काही कारण असू शकेल अशी शंकाही येत नाही.

अकारविल्हे यादीचीही तीच गोष्ट. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो; युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच पुढे बसविला आहे. केवळ संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ‘काळे’ हे नाव ‘काशीकर’ च्या आधी येईल. वर्णमालेप्रमाणे ते नंतर यावयास हवे. क्ष ला स्वतंत्र वर्ण मानावयाचे की क् चे जोडाक्षर, यावर ‘क्षीरसागर’ हे नाव यादीच्या आरंभाकडे जाणार की शेवटी, हे ठरते. यांत कोणता क्रम घ्यावयाचा हा निर्णय आहे, आणि निर्णय घेण्यासाठी पर्याय आहेत हे आधी माहीत असावे लागते.

५

येथे एक विसंगती नमूद करणे अगत्याचे आहे. याच अभ्यासक्रमात पुढच्या वर्षांत औपचारिक भाषा व स्वयंचल यंत्रे यांविषयीचे तात्त्विक प्रकरण असते. त्यात वर्णमालेची व्याख्या ‘चिन्हांचा कोणताही सान्त, अरिक्त संच’ अशी अगदी निर्दोष दिलेली असते. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांची जी श्रेणी मांडली ती तेथे शिकविली जाते, आणि अल्गोल या भाषेच्या निमित्ताने बॅकस व नाऊर यांनी १९६० च्या सुमारास रूढ केलेली नियमलेखनाची पद्धतही शिकविली जाते. संगणकशास्त्र आणि भाषाविज्ञान यांची ही भेट ऐतिहासिक आहे. परंतु या प्रकरणातील उदाहरणे दोन-तीन रोमन अक्षरांच्या पलीकडे जात नाहीत, आणि त्यातील व्यापक व्याख्येचा पहिल्या वर्षी शिकलेल्या स्ट्रिंगशी काही संबंध आहे हे विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून दिले जात नाही.

दुसऱ्या बाजूस, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी-अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानप्रणालीला स्थान मिळाले आहे, आणि तेथे पाणिनीचा गौरव ओघानेच येतो. तो गौरव अनाठायी नाही. सुमारे चार हजार सूत्रांची अष्टाध्यायी ही नियमांच्या क्रमबद्ध प्रयोगाची असामान्य रचना आहे. पीटर इंगरमन यांनी १९६७ साली बॅकसच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना केली होती. परंतु या गौरवाबरोबर ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा होय’ असे जे विधान सर्रास केले जाते त्याला आधार नाही. रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या ज्या लेखाचा हवाला दिला जातो, त्याचा विषय संस्कृतातील शास्त्रीय विवरणपद्धती आणि ज्ञानाचे यंत्रातील निरूपण यांतील साम्य एवढाच होता. पाणिनीचे खरे ऋण याहून जवळ आहे. सर्व व्यंजनांसाठी त्याने योजिलेली संज्ञा ‘हल्’. तीवरून ‘हलन्त’ हा शब्द आला, आणि ‘मस्तगड’ मोजताना यंत्राने जो सहावा घटक मोजला तो हलन्ताचाच. एका तासाला पाणिनीची थोरवी सांगावयाची आणि दुसऱ्या तासाला हलन्त नसलेल्या लिपीतच स्ट्रिंग शिकवावयाची, यात ज्ञानप्रणालीचा सन्मान झाला असे म्हणता येत नाही.

६

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्यवसायाची भाषा इंग्रजी आहे, तेव्हा देवनागरीच्या उदाहरणांत वेळ घालविणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. परंतु अरबी, थाई वा कोरियन लिपीतील मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामातही हेच प्रश्न येतात. देवनागरीवर हा धडा शिकलेला विद्यार्थी त्या सर्वांसाठी तयार होतो. केवळ रोमनवर शिकलेला कोणत्याच लिपीसाठी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, या अडचणी सोडविणाऱ्या तयार आज्ञावली उपलब्ध आहेत; पदवीधराने त्या वापराव्यात, म्हणजे झाले. हे खरे आहे. परंतु तयार साधन निवडण्यासाठी आपला प्रश्न कोणता हे समजावे लागते. औषधांचे दुकान शेजारी असले म्हणून निदान अनावश्यक ठरत नाही.

तिसरा आक्षेप मराठीच्या अभिमान्यांकडून येईल: दोष माध्यमाचा आहे, अभ्यासक्रम मराठीत आणा म्हणजे तो दूर होईल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास वाट करून दिली आणि पुण्याच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला, ही स्वागतार्ह घटना आहे. तथापि माध्यम आणि आशय या निराळ्या गोष्टी आहेत. स्ट्रिंगला ‘अक्षरमालिका’ म्हटले आणि उदाहरणे रोमनच ठेवली, तर दोष जागच्या जागी राहील. उलट पुस्तक इंग्रजी असूनही त्यात ‘मस्तगड’ मोजावयास दिला तर तो दूर होईल. पारिभाषिक शब्द घडविण्यात मराठीने पुष्कळ श्रम वेचले आहेत. आता उदाहरणे घडविण्याकडे वळले पाहिजे.

तशी उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याने स्वतःचे नाव देवनागरीत लिहून ते चार रीतींनी मोजावे आणि प्रत्येक उत्तराचे कारण लिहावे. वर्गाचा हजेरीपट वर्णमालेच्या क्रमाने लावावा. पावतीवरील रक्कम अक्षरी लिहिणारा प्रोग्राम करावा. इंग्रजीत शून्यापासून नव्व्याण्णवापर्यंतच्या संख्यांना अठ्ठावीस शब्द आणि एक नियम पुरतो. मराठीत शंभर निराळी रूपे लागतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी एकोणनव्वदपर्यंत चालत आलेली नियमितता नव्व्याण्णवपाशी मोडते. नियम लिहावा की तक्ता साठवावा, हा संगणकशास्त्रातील मूलभूत प्रश्न याहून स्वच्छपणे मांडणारे उदाहरण सापडणे कठीण. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात जो वाद माजला, तो तत्त्वतः याच प्रश्नाविषयी होता; संगणकशास्त्राच्या वर्गांत मात्र त्याची चर्चा होऊ शकली असती हे कोणाच्या मनात आले नाही.

सर्व दोष संगणकशास्त्राच्या शिक्षकांवर टाकणे न्याय्य होणार नाही. अक्षराची व्याख्या, अर्ध्या र चे स्थान, ळ चा क्रम हे प्रश्न मराठी व भाषाविज्ञान या विभागांचे आहेत. या विभागांतून वर्णविचार शिकविला जातो तो लेखणी आणि कंठ-ताल्वादी स्थाने यांच्यापुरता. तो संकेतांच्या तक्त्यापर्यंत पोहोचत नाही. एकाच इमारतीत दोन मजल्यांवर एकाच विषयाची दोन अर्धी प्रकरणे शिकविली जातात आणि जिना मात्र कोणी चढत नाही, अशी आजची स्थिती आहे. स्ट्रिंगच्या प्रकरणातील चार तास दोन्ही विभागांनी मिळून घेतले, तर नव्या विषयाची, नव्या श्रेयांकांची किंवा नव्या पुस्तकाची आवश्यकता पडणार नाही.

‘मस्तगड’ या शब्दाची लांबी किती, या प्रश्नाला परीक्षेत एकच संख्या अपेक्षित असते. फॉर्मवरील चौकटी आखावयाच्या असतील तर चार, संकेत पाठवावयाचे असतील तर सहा, साठवणुकीची जागा ठरवावयाची असेल तर अठरा. उत्तर देण्यापूर्वी ‘कशासाठी मोजावयाची?’ असे जो विद्यार्थी विचारील, त्याला संगणकशास्त्र आले असे समजण्यास हरकत नाही. आजच्या अभ्यासक्रमात त्याला असे विचारण्याचे कारणच पडत नाही.